शालो खोऱ्यातील बदामाचा बहार

फेब्रुवारी महिन्यात नाशिक व सांगली या जिल्ह्यांत द्राक्षांचे घड उतरविण्याची घाई चालू असते. त्याच महिन्यात स्पेन देशाच्या पूर्व भागातील शालो खोऱ्यात द्राक्षवेली पानांवाचून, काळ्या खुंटांसारख्या निद्रिस्त उभ्या असतात. आणि त्यांच्या शेजारच्या तालींवर बदामाची झाडे पांढऱ्या व गुलाबी फुलांनी लगडून गेलेली असतात. हा बहार पाहण्यासाठी दूरदूरचे लोक या खोऱ्यात येतात. फुलांची शोभा पाहून पाहुणा तृप्त होतो, परंतु ज्याची ती झाडे आहेत त्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हेच दिवस वर्षातील सर्वांत काळजीचे असतात. हा बहार कसा येतो, तो कोणत्या संकटांतून जातो आणि खोऱ्यातील शेतकऱ्यांनी आपली शेती कशी तगविली, हे समजून घेणे आपल्याकडील फळबागाईतदारांनाही उपयुक्त ठरेल.

खोऱ्याची ओळख

शालो हे गाव आलिकान्ते प्रांताच्या ईशान्य भागात, मारिना आल्ता या विभागात आहे. स्पॅनिश भाषेत त्यास हालोन म्हणतात. शालो हे तेथील स्थानिक वालेन्सियन भाषेतील नाव होय. खोऱ्यातून गोर्गोस नदी वाहते व शाबिया गावाजवळ भूमध्य समुद्रास मिळते. दक्षिणेस बेर्निया डोंगराची उंच रांग आहे. अल्कलाली, पार्सेन्त, ल्यीबेर, मुर्ला, बेनिजेम्ब्ला ही या खोऱ्यातील इतर गावे होत.

येथील हिवाळा सौम्य व उन्हाळा कोरडा असतो. पाऊस मुख्यतः शरद ऋतूत पडतो आणि कित्येकदा एकदोन दिवसांतच कोसळतो. अशा पावसाने डोंगरउतारावरील माती वाहून जाऊ नये म्हणून येथील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दगडी ताली रचल्या आहेत. या तालींत चुना किंवा सिमेंट वापरीत नाहीत. दगडावर दगड बसवून त्या उभ्या करतात. त्यामुळे पाणी फटींतून झिरपून जाते आणि माती मात्र जागेवर राहते. युरोपातील अनेक देशांत आढळणाऱ्या या कोरड्या बांधकामाच्या कलेची युनेस्को या संस्थेने २०१८ साली मानवजातीच्या वारशात नोंद केली. त्या देशांत स्पेनचाही समावेश आहे.

या प्रदेशात अनेक शतके अरबी बोलणाऱ्या मुसलमान शेतकऱ्यांची वस्ती होती. ‘बेनि’ या शब्दाने आरंभ होणारी गावांची नावे त्याच काळाची साक्ष देतात. १६०९ साली राजाज्ञेने या लोकांना देशाबाहेर घालविण्यात आले. खोरे ओस पडले आणि मग मायोर्का बेटावरून आणलेल्या कुटुंबांनी ते पुन्हा वसविले. ताली मात्र तशाच कामास येत राहिल्या.

फुलांच्या दिवसांतील देखावा

बदामाचा बहार सामान्यतः जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत असतो. हिवाळा उबदार गेला तर तो लवकर येतो, थंडी लांबली तर उशिरा येतो. या झाडास पानांच्या आधी फुले येतात, म्हणून सर्व झाड केवळ फुलांचेच बनलेले दिसते. अल्कलाली गावी या दिवसांत बहाराचा उत्सव भरतो. पाहुणे पायवाटांनी बागांतून हिंडतात, गावातील मध व बदामाची मिठाई घेतात आणि द्राक्षमद्याच्या कोठारांना भेट देतात.

बारकाईने पाहणाऱ्या पाहुण्यास या देखाव्यात आणखी काही गोष्टी आढळतात. एका तालीवर बदाम, खालच्या तालीवर द्राक्ष, बांधाच्या कडेला ऑलिव्ह आणि चिंचेसारख्या शेंगा येणारे कॅरोबचे झाड, अशी मिश्र लागवड दृष्टीस पडते. काही ताली ढासळलेल्या व झुडपांनी भरलेल्या दिसतात. काही ठिकाणी फुललेल्या बागांच्या मधोमध रिकामी जमीन आढळते. ती जमीन रिकामी का पडली, याचे कारण पुढे येईल.

फुलापासून फळापर्यंत

फुले पुष्कळ आली म्हणजे बदाम पुष्कळ येतील, असे नाही. जुन्या प्रचलित जातींपैकी मार्कोना आणि देस्मायो लार्गेता या जाती स्वतःच्या परागाने फळ धरीत नाहीत. एका जातीचा पराग दुसऱ्या जातीच्या फुलावर जावा लागतो. म्हणून एकाच वेळी फुलणाऱ्या दोन जाती एका बागेत लावण्याची रीत पडली. पराग नेण्याचे काम मधमाश्या करतात. बहारात हवा थंड, वाऱ्याची किंवा पावसाळी असेल तर मधमाश्या पेटीबाहेर पडत नाहीत आणि फुले तशीच गळून जातात. ओलसर हवेत बुरशीचा रोग पडून फुले व कोवळ्या काड्या करपतात, हे आणखी एक नुकसान होय.

सर्वांत मोठे भय थंडीच्या कडाक्याचे असते. मिटलेली कळी बरीच थंडी सोसते. पूर्ण उमललेल्या फुलास शून्याखाली दोन ते तीन अंश सेल्सियस तपमान घातक ठरते, आणि नुकतेच धरलेले कोवळे फळ तर शून्याखाली एका अंशाच्या सुमारासच दगावते. म्हणजे बहार जसजसा पुढे सरकतो तसतशी झाडाची थंडी सोसण्याची शक्ती कमी होत जाते. थंड हवा जड असल्याने रात्री ती उतारावरून खाली येऊन खोलगट भागात साचते. म्हणून तळाच्या शेतापेक्षा उतारावरील शेतात फूल वाचण्याचा संभव अधिक असतो. डोंगराच्या अंगावर कष्टाने ताली रचण्यामागे जमिनीची टंचाई हे कारण होतेच. पण बदामाच्या बाबतीत हा लाभही पदरात पडतो.

या अडचणीवर उपाय म्हणून स्पेनमधील संशोधकांनी उशिरा फुलणाऱ्या जाती निर्माण केल्या. मुर्सिया येथील संशोधन केंद्राच्या पेन्ता व तार्दोना या जाती त्यांपैकीच होत. त्या जुन्या जातींपेक्षा कित्येक आठवडे उशिरा फुलतात आणि स्वतःच्याच परागाने फळ धरतात. ज्या भागांत थंडीचा कडाका अधिक, तेथे अशा जातींनी शेतकऱ्याचा धोका पुष्कळ कमी केला आहे. पाहुण्यास फुले लवकर हवी असतात, तर बागाईतदारास ती उशिरा आलेली बरी वाटतात.

ऑगस्ट व सप्टेंबर महिन्यांत बदाम तयार होतो. वरची हिरवी साल वाळून उकलली म्हणजे झाडाखाली जाळी पसरून काठ्यांनी फळे झोडपून पाडतात. मोठ्या व सपाट बागांत हे काम यंत्राने झाड हलवून करतात. मार्कोना बदामास याच प्रांतातील शिशोना गावच्या तुर्रोन नावाच्या मिठाईसाठी मान आहे. ही मिठाई बदाम व मध यांपासून बनते. मात्र जगातील बदामाच्या पिकाचा फार मोठा भाग अमेरिकेतील कॅलिफोर्नियातून येतो आणि बाजारभाव मुख्यतः तेथील पिकावर ठरतो. तालीवरच्या कोरडवाहू बागेचे उत्पन्न अल्प असते. ओलिताच्या विस्तीर्ण बागेशी भावात स्पर्धा करणे तिला कठीण जाते.

निद्रिस्त वेल

बदाम फुललेला असताना द्राक्षवेलीची छाटणी चालू असते. येथील जुन्या मळ्यांत मांडव किंवा तारा नसतात. प्रत्येक वेल बुटक्या झुडपासारखी, तीनचार आखूड फांद्या राखून वाढविलेली असते. हिवाळ्यात पाने गळून वेल पूर्ण विश्रांती घेते. त्या अवधीत वर्षातून एकदाच छाटणी करतात आणि प्रत्येक फांदीवर दोनतीन डोळे ठेवून बाकीच्या काड्या काढून टाकतात.

महाराष्ट्रात हिवाळा एवढा कडक नसल्याने वेल अशी निजत नाही. म्हणून आपल्याकडे एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. तेथे जे काम थंडी करते, ते येथे बागाईतदाराच्या कात्रीस करावे लागते. एका देशातील पद्धत दुसऱ्या देशात जशीच्या तशी का लागू पडत नाही, याचे हे चांगले उदाहरण आहे.

शालो खोऱ्यात द्राक्षवेल मे-जूनमध्ये फुलते. तिच्या फुलास पाकळ्यांची शोभा नसते. हिरवट टोपीसारखे आवरण गळून पडते व आतील केसर मोकळे होतात. ते पाहण्यास कोणी मुद्दाम येत नाही. परंतु खोऱ्याचे मद्य या साध्या फुलोऱ्यावरच अवलंबून असते. येथील मुख्य पांढरी जात मोस्कातेल ही होय. तिला अलेक्झांड्रियाची मस्कत असेही नाव आहे. फुलोऱ्याच्या वेळी हवा थंड वा ओलसर राहिली तर या जातीत फळधारणा कमी होऊन घड विरळ राहतात. तांबड्या मद्यासाठी जिरो नावाची स्थानिक जात लावतात. मोस्कातेलच्या रसात मद्यार्क घालून आंबण्याची क्रिया थांबवितात. त्यामुळे रसातील साखर टिकून मिस्तेला हे गोड पेय तयार होते.

बेदाण्याची भरभराट आणि अस्त

आज हे खोरे द्राक्षमद्यासाठी ओळखले जात असले, तरी एकोणिसाव्या शतकात त्याची संपत्ती बेदाण्यात होती. मोस्कातेलचे घड कढईतील उकळत्या क्षारपाण्यात क्षणभर बुडवीत. हे पाणी राख व चुना यांपासून करीत. त्यामुळे मण्यावरील मेणचट थर जाऊन सालीस सूक्ष्म चिरा पडत आणि मणी लवकर वाळत. मग घड बोरूच्या तट्ट्यांवर उन्हात पसरीत. रात्री दव पडू लागले किंवा पावसाची चिन्हे दिसली की तट्टे उचलून रिउराउ नावाच्या कमानदार ओसरीत नेत. एका बाजूने उघड्या अशा या ओसऱ्या आजही खोऱ्यात जागोजाग उभ्या आहेत.

सांगली व तासगाव भागातील बेदाणा उत्पादकांस ही रीत परकी वाटणार नाही. आपल्याकडे उकळत्या पाण्याऐवजी थंड द्रावण वापरतात. सर्वसाधारणपणे एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट व १५ मिलिलिटर डिपिंग ऑइल असे त्याचे प्रमाण असते. द्राक्षे शेडमधील जाळ्यांवर, सावलीत वाळवितात. पद्धती भिन्न असल्या तरी तत्त्व एकच आहे: मण्यातील पाण्यास बाहेर पडण्याची वाट करून द्यावयाची आणि वाळणाऱ्या मालास अवकाळी पावसापासून राखावयाचे. रिउराउ आणि बेदाण्याची शेड ही दोन्ही एकाच गरजेतून जन्मली आहेत.

हा बेदाणा देनिया बंदरातून मुख्यतः इंग्लंडला जाई. इंग्रज व्यापारी देनियात राहून माल खरेदी करीत. पैसा येऊ लागला तसतशी इतर पिके मागे पडली आणि डोंगराच्या माथ्यापर्यंत मोस्कातेल लागले. पुढे ग्रीस, तुर्कस्तान व कॅलिफोर्निया येथील बेदाणा बाजारात आला आणि भाव घसरले. त्यातच फायलोक्सेरा नावाच्या, मुळांवर जगणाऱ्या सूक्ष्म किडीने स्पेनमधील मळे पोखरण्यास सुरुवात केली. ही कीड अमेरिकेतून युरोपात आली होती. स्पेनच्या दक्षिणेस मालागा प्रांतात ती १८७८ साली आढळली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ती या भागासही पोहोचली. वेली सुकून गेल्या. ज्या कुटुंबांचे सर्वस्व एका पिकावर व एका बंदरावर अवलंबून होते, त्यांना आधार उरला नाही. अनेक माणसे पोटासाठी अल्जीरियास व अमेरिकेस गेली.

त्यानंतर मळे पुन्हा उभे राहिले ते अमेरिकी वेलींच्या खुंटावर स्थानिक जातीचे कलम बांधून. कारण त्या खुंटांच्या मुळांस ही कीड मारू शकत नाही. महाराष्ट्रात डॉगरिजसारख्या खुंटाचा प्रसार झाला तो मुख्यतः क्षारयुक्त जमीन व पाण्याचा ताण यांस तोंड देण्यासाठी. पण खुंट निवडून संकट टाळण्याची युक्ती तीच आहे. द्राक्षाबरोबर बदामाची लागवडही वाढली. आज पाहुण्यास भुलविणारा बहार हा अशा रीतीने एका मोठ्या आपत्तीनंतर पसरलेला आहे.

झाडे तोडण्याचा प्रसंग

२०१७ साली या खोऱ्याच्या दक्षिणेकडील डोंगरापलीकडे, ग्वादालेस्त भागातील बदामाच्या झाडांवर झायलेला हा जिवाणूजन्य रोग आढळला. मुळांकडून पानांकडे पाणी नेणाऱ्या नलिकांत हा जिवाणू वाढतो व त्या बंद पाडतो. पानांच्या कडा भाजल्यासारख्या होतात, फांद्या वाळतात आणि झाड हळूहळू मरते. रोगी झाड बरे करणारे औषध नाही. गवतावर फेस करून त्यात पिल्लावस्था काढणारे लहान कीटक झाडाचा रस शोषताना हा जिवाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. दूरच्या प्रदेशात मात्र तो बहुधा रोगट रोपांबरोबर पोहोचतो.

युरोपीय संघाच्या तत्कालीन नियमाप्रमाणे रोगी झाडाभोवती १०० मीटर अंतरातील, रोगास बळी पडू शकणारी सर्व झाडे, निरोगी असली तरी, काढून टाकावी लागत. रोगग्रस्त क्षेत्र वाढत जाऊन बेनिजेम्ब्लासारख्या, खोऱ्याच्या वरच्या अंगाच्या गावांपर्यंत आले. हजारो झाडे उपटली गेली. बहारात फुललेल्या बागांमध्ये दिसणारी रिकामी जागा ती हीच. वाडवडिलांनी लावलेले, डोळ्यांना निरोगी दिसणारे झाड यंत्राने उखडलेले पाहणे कोणत्याही शेतकऱ्यास जड जाईल. नुकसानभरपाईची तरतूद होती, तरी अनेकांनी या उपायास विरोध केला. रोग आधीच फार पसरला असल्याने तोड निष्फळ आहे, असे त्यांचे म्हणणे होते. उलटपक्षी, रोग रोखला नाही तर शेजारच्या प्रांतांतील बागा धोक्यात येतील, अशी अधिकाऱ्यांची भूमिका होती. २०२० साली नियम बदलून हे अंतर ५० मीटर करण्यात आले.

या प्रसंगातून एक गोष्ट स्पष्ट झाली. ज्या ताली मशागतीवाचून पडल्या होत्या, त्यांतील तण व झुडपे या कीटकांस आश्रय देत होती. कष्टाच्या मानाने उत्पन्न नाही म्हणून तरुण माणसे शेती सोडतात. शेती सुटली की बांध ढासळतो व तण माजते. आणि त्याची झळ शेजारी अद्याप कसणाऱ्या शेतकऱ्यास बसते. रोगाचा प्रश्न अशा रीतीने पडीक जमिनीच्या प्रश्नाशी जोडलेला आहे.

सहकार आणि पाहुणे

लहान तालींच्या मालकाने एकट्याने द्राक्षमद्य तयार करून विकणे परवडत नाही. १९६२ साली शालो येथील द्राक्ष उत्पादकांनी सहकारी संस्था स्थापन करून सामाईक बोदेगा उभारली. बोदेगा म्हणजे मद्य तयार करण्याचे व साठविण्याचे कोठार. सभासदांची द्राक्षे तेथे गाळली जातात आणि मद्य, मिस्तेला व इतर माल संस्थेच्या दुकानातून थेट गिऱ्हाइकास विकला जातो. दर शनिवारी गावात नदीकाठी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. त्यासाठी किनाऱ्यावरील गावांतून आलेली माणसेही बोदेगात खरेदी करून जातात.

फेब्रुवारीतील बहाराने या विक्रीस हातभार लागतो. समुद्रकिनाऱ्यावर उन्हाळ्यात गर्दी असते, पण हिवाळ्यात गावातील खाणावळी व दुकाने ओस पडतात. त्या मंदीच्या काळात फुले पाहणारा पाहुणा चार पैसे सोडून जातो. मात्र याची दुसरी बाजूही आहे. खोरे रम्य असल्याने उत्तर युरोपातील अनेक निवृत्त लोकांनी येथे घरे घेतली. ज्या उतारावर बदाम होता तेथे काही ठिकाणी बंगले उभे राहिले. शेतीने निर्माण केलेल्या शोभेसाठी माणसे येतात आणि त्यांच्या वस्तीने तीच शेती आक्रसते, असा हा पेच आहे. पाहुण्याने नुसती फुले पाहून न जाता शेतकऱ्याचा माल योग्य दामाने घेतला, तरच बहार टिकेल.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

शालो खोऱ्याच्या अनुभवातून ग्रामसेवक, कृषि सहायक व शेतकरी बंधूंनी पुढील गोष्टी विशेष लक्षात घ्याव्यात.

१. बहार म्हणजे पीक नव्हे. बहाराच्या दिवसांत परागीभवन, थंडी व बुरशी यांकडे जितके लक्ष द्यावे तितके थोडेच. या काळात मधमाश्यांस घातक अशी औषधे फवारू नयेत.

२. सर्व जमीन एकाच पिकाखाली व सर्व माल एकाच बाजाराच्या भरवशावर ठेवू नये. बेदाण्याच्या अस्ताने खोरे रिकामे झाले; बदाम, द्राक्ष, ऑलिव्ह व कॅरोब अशा मिश्र शेतीने ते पुन्हा उभे राहिले.

३. रोपे व कलमे खात्रीच्या रोपवाटिकेतूनच घ्यावीत. स्वस्त मिळाले म्हणून आणलेले रोगट रोप साऱ्या गावाच्या बागा घालवू शकते. डाळिंबावरील तेल्या रोगानेही आपल्याकडे हाच धडा दिला आहे. परदेशातून येताना बी, काडी किंवा रोप परवानगीवाचून कधीही आणू नये.

४. बांध व ताली यांची डागडुजी पावसापूर्वी करावी. शेजारची जमीन पडीक असेल तर तेथील तण काढण्याचे काम गावाने मिळून हाती घ्यावे.

५. प्रक्रिया व विक्री यांसाठी सहकाराचा आश्रय घ्यावा. गावात पाहुणे येत असतील तर त्यांना माल थेट विकण्याची सोय करावी.

फेब्रुवारी संपता संपता शालो खोऱ्यात वाऱ्याबरोबर बदामाच्या पाकळ्या गळू लागतात आणि पाहुणे परत जातात. शेतकरी मात्र त्यानंतर फांदी हातात घेऊन पाकळी गळालेल्या जागी हिरवा गाठोळा धरला आहे की नाही, हे पाहत बागेतून फिरतो. त्याच्या वर्षाचा हिशेब त्या गाठोळ्यावरून सुरू होतो.